टेपचं दुसरं टोक

आयर्लंडमधल्या लिक्सलिप गावातल्या आमच्या घराला बाहेरून व्हिनाइलच्या पट्ट्या लावायच्या होत्या. किती लागतील ते बघायला एक म्हातारा आयरिश माणूस आला. भिंती मोजायच्या, खिडक्या-दारं वजा करायची, कापताना वाया जातं म्हणून थोडं जास्त धरायचं, असं त्याचं काम. प्रत्येक भिंतीपाशी तो वळून न बघताच टेपचं टोक मागे कुणाला तरी द्यायला हात लांब करायचा, क्षणभर थांबायचा आणि मग ते सोबत आणलेल्या विटेखाली दाबायचा.

शेवटच्या भिंतीला मला राहवलं नाही. मी जाऊन टोक धरलं.

“ग्रँड,” तो म्हणाला. इथे ‘छान’ला असंच म्हणतात. मग हळूच म्हणाला, “बायको धरायची. हिवाळ्यात गेली. हाताला अजून कळलेलं नाही.”

मोजून झाल्यावर तो पहिल्या भिंतीपाशी परतला आणि ती पुन्हा मोजायला लागला. मी टोक धरून उभी राहिले.