निवट्यांची बरणी

कुसुम गेल्याची बातमी घेऊन तिचा भाऊ शाळेत आला तेव्हा मी आठवीला व्याकरण शिकवत होते. व्हरांड्यात उभा राहून तो एवढंच म्हणाला, "ताई गेली, बाई. सकाळी." मी परत आत गेले आणि तास पुरा केला, कारण अर्ध्यावर सोडलेला तास कुसुमला खपत नसे...

कुसुम तांडेल मढच्या कोळीवाड्यातली, घरातली पहिली पदवीधर. आमच्या बोरिवलीच्या शाळेत ती विज्ञान शिकवायला आली तेव्हा साठीचं दशक संपत आलं होतं. उत्क्रांतीच्या धड्याला तिने खाडीतल्या जिवंत निवट्या काचेच्या बरणीतून आणल्या आणि टेबलावर चिखलाच्या ताटात सोडल्या. मासे परांवर रेटा देत चालायला लागले तशी मुलं बाकांवर चढली. "ही काही आपली पणजी नव्हे," कुसुम म्हणाली, "पण माशाला पाणी सोडून बाहेर येता येतं, एवढं ही दाखवते."

लगेच तक्रार आली. वर्गात मासळी, वर देवाचा अपमान. संस्थेच्या अध्यक्षांनी तोडगा काढला: धड्याच्या शेवटी बाईंनी सांगावं, हे सगळं आपल्या दशावतारात आधीच आहे. मत्स्य, कूर्म, वराह. कुसुम म्हणाली, "दशावतार मला आजीने सांगितले, आवडतातही. पण तो पुरावा नाही, सर." अध्यक्ष तापले. "माणूस प्राण्यांतूनच आला म्हणायचं, तर कूळ, जात, राहिलं काय?"

"तेच तर मुलांना कळू दे."

तिचे वरचे वर्ग गेले, हाती शिवणाचे तास आले. मी म्हटलं, "अगं, एक वाक्य बोलून टाक ना. काय जातंय तुझं?" ती हसली. "धडा जातो." पुढच्याच आठवड्यात ती बरणी घेऊन शिवणाच्या वर्गात गेली. त्या वर्षी आमच्या मुली काजं करता करता उत्क्रांती शिकल्या. वरचे वर्ग तिला शेवटपर्यंत परत मिळाले नाहीत.

मागच्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. तेच अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "कुसुमबाईंनी विज्ञान आणि दशावतार यांचा सुरेख मेळ घातला." मी उभी राहिले. "नाही घातला. तिने नकार दिला, म्हणून तुम्ही तिला शिवण दिलंत." कुणीतरी माझा पदर ओढला. शोकसभेत असं बोलत नाहीत, हे नंतर मला चौघांनी सांगितलं. मग कुठे बोलायचं? जिवंतपणी तिचे वर्ग काढून घेतले, आता तिचं म्हणणंही काढून घेणार? मला राग आला आहे आणि तो जावा अशी माझी इच्छा नाही.

बरणी तिच्या भावाने मला आणून दिली. माझ्या आईने ती लोणच्यासाठी मागितली, मी दिली नाही. सोमवारी तो निवट्या आणणार आहे. मी मराठीची बाई, तरी बरणी घेऊन आठवीच्या वर्गात जाणार आहे.

व्याकरण मंगळवारी.