हेरसाहेबांचा कबुलीजबाब

वीस वर्षं तो जगप्रसिद्ध गुप्तहेर पडद्यावर आपल्या भाषेत बोलला, तो हेरसाहेबांच्या आवाजात. कोट-टोपी परक्या नटाची, घसा यांचा. बाकी मूर्ती बुटकी आणि चष्मा जाड भिंगांचा, त्यामुळे रस्त्यात कोणी ढुंकून बघत नसे. पण फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं, की गॅसवाला घाबरून सिलिंडर पाठवायचा.

घरात तर हा आवाज म्हणजे ब्रह्मास्त्रच. दूध साहेबांच्या नजरेसमोर उतू जावं, आणि यांनी हनुवटी वर करून खालच्या पट्टीत विचारावं, "प्रश्न दूध का उतू गेलं हा नाही. ते गॅसवर ठेवलं कोणी?" चोर तो चोर वर शिरजोर! बायको बिचारी निमूटपणे ओटा पुसायची.

मग त्या गुप्तहेराच्या तरुणपणावर नवी वेबसिरीज आली. साहेबांनी आवाज कोवळा करायला आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. डबिंगच्या डायरेक्टरबाई ऐकून म्हणाल्या, "काका, हिरो कॉलेजातला आहे. तुम्ही त्याचे आजोबा वाटताय."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. बाईंना दया आली. हिरो सगळ्यात आधी ज्याला पकडतो, त्या भामट्या कारकुनाचं काम त्यांनी साहेबांना दिलं. तो शेवटी रडून कबूल करतो, 'माझं चुकलं.'

दोनच शब्द! पण साहेब ते अशा रुबाबात म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकलं. टेकवर टेक झाले. शेवटी बाई म्हणाल्या, "घरी सराव करा. संध्याकाळी फोनवर ऐकवा. नाहीतर दुसरा कोणी बघावा लागेल." हेही गेलं, तर गुप्तहेराशी साहेबांचं नातंच संपणार होतं.

घरी बायको वाळलेले कपडे आवरत होती. साहेबांनी तिला कामाचं सगळं सांगून विचारलं, "अगं, मी 'माझं चुकलं' म्हणतो तेव्हा कसं वाटतं?"

"काय माहीत! मी कधी ऐकलंच नाही."

"काहीतरीच तुझं."

"आमच्या धाकटीच्या लग्नाला निघालो, तेव्हा तिकिटावरची वेळ तुम्ही चुकीची वाचलीत. गाडी गेली. आणि स्टेशनवर चारचौघांत सिद्ध काय केलंत, तर मी बॅग भरायला उशीर लावला. सख्ख्या बहिणीचं लग्न हो माझ्या! मी नव्हते तिथं."

साहेबांनी सवयीनं हनुवटी वर केली, आणि तशीच खाली आणली. तेवढ्यात बाईंचाच फोन आला. स्टुडिओ रिकामा करायचा होता, म्हणून त्यांनी ते काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं होतं. साहेब "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

"गेलं?" बायकोनं विचारलं.

"गेलं."

तिला खरंच वाईट वाटलं. "जाऊ द्या, दुसरं मिळेल," म्हणत तिनं घडी घालायला चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. साहेब ते धरून तसेच उभे. नवे कपडे घालून स्टेशनच्या बाकावर मान खाली घालून बसलेली ती त्यांना दिसत होती, आणि स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"माझं चुकलं," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला, कुठल्याच नटाला न शोभणारा.

"अहो, आता कशाला? काम तर गेलं ना?"

"त्या लग्नाचं म्हणतोय मी."

बायकोचे डोळे भरून आले. पण इतक्या वर्षांनी हाती आलेली संधी ती अशी एका फटक्यात थोडीच सोडणार?

"नीट नाही जमलं," पदरानं नाक पुसत ती म्हणाली. "परत घ्या."