विमान फक्त आमच्याकडे

खालापूर तालुक्यात विमान फक्त आमच्याकडे होतं. खोपोली स्टेशनमागच्या एका खोलीत, पत्र्याखाली, टीव्हीच्या काचेत ते उडायचं.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कारखान्यातली नोकरी सुटल्यावर दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. एक टीव्ही, एक मशीन आणि एक बाक. मी आमच्या आळीतला पहिला ग्रॅज्युएट, त्यामुळे दुकानात माझ्याकडे विचार करण्याचं काम. (नोकरी लागेपर्यंत दुसरं कामही नव्हतं!) दुपारी विमान निळ्या नदीवरून संथ जाई आणि बघता बघता मी त्यात जाऊन बसलेला असे. खाली पाताळगंगा, एका अंगाला घाट, कापसासारखे ढग, पुढे कर्जत, पनवेल, ठाणं... आणि जिकडेतिकडे आमचीच दुकानं!

"ऊठ रं, गिऱ्हाईक उभं हाय," दादा म्हणायचा, की मी खाली उतरायचो.

रस्त्यापलीकडे सुरेशचं दुकान. त्याचं मशीन दुसऱ्या कंपनीचं. आमची कॅसेट त्याच्या मशीनमध्ये बसत नसे, त्याची आमच्यात बसत नसे. त्याच्याकडे होत्या कोंबड्या. त्या वरून अंडी टाकायच्या, आपण खाली टोपलीत झेलायची. बस्स! पण सुरेश आमच्या कंपनीचं मशीन आणणार, अशी कुणकुण लागली आणि दादाचा चेहरा उतरला.

"विमान त्याच्याकडं गेलं तर दुकान बसलं रं आपलं."

"घाबरतोस काय? करार करू!"

खालापूरहून स्टॅम्पपेपर आणला. मुंबईहून कंपनीचा एजंट आला. तालुक्यात विमान फक्त आम्हाला द्यायचं, हे त्याला कबूल होतं. बदल्यात आमच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा गेम नको, एवढंच त्याचं म्हणणं. तेवढ्यावर भागलं असतं. पण मी शिकलेला! मी लिहिलं : 'आम्ही व आमच्या कुटुंबातील कोणतीही व्यक्ती दुसऱ्या कंपनीचा गेम ठेवणार नाही, चालवणार नाही व खेळणार नाही. तसे आढळल्यास विमान परत घ्यावे.'

एजंटनं दोनदा वाचलं. "हे मी मागितलंच नव्हतं."

"असू द्या," मी म्हणालो. "लिखाण कसं पक्कं पाहिजे!"

पंधरा दिवसांनी एजंट पाहणीला आला. आमचा बाक रिकामा. सुरेशच्या दारात मात्र ही गर्दी! आतून टाळ्या, आरोळ्या. एजंट तिकडे निघाला, मागोमाग मी. माना बाजूला सारत आत डोकावलो.

आत आमची आई!

पदर खोचलेला, आमच्या जेवणाचा रिकामा डबा शेजारी, नजर काचेवर. रोज आम्हाला जेवण देऊन ती बाजारात जाते, असं आम्ही समजत होतो!

"मावशी, डावीकडं! डावीकडं!" कुणीतरी ओरडलं.

"मला नको शिकवू रं. कोंबड्या पाळल्यात आमी!"

"आई, तू इथं?"

"मग? तुमच्याकडं जरा टेकले की म्हनता, ऊठ, गिऱ्हाईक हाय. सुरेश बघ, बाक पुसून देतो."

"या कोण?" एजंटनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सगळी गर्दी एका सुरात म्हणाली, "याची आई!"

माणूस भला होता. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "एक ओळ लिहून द्या. सदर महिला आमच्या कुटुंबातील नाहीत. बाकी मी काही पाहिलं नाही."

पलीकडे आमच्या दारात दादा उभा, डोळ्यांनी हात जोडून. मी सुरेशच्याच बाकावर बसलो, पेन काढलं. 'सदर महिला'पर्यंत झकास जमलं.

तेवढ्यात आईनं खेळ सोडला. तिला वाचता येत नव्हतं. पण मी लिहायला बसलो, की ती हातातलं काम टाकून बघायची. गर्दीला म्हणाली, "बघा! मुंबईच्या सायबालाबी माझ्याच पोराकडून लिवून घ्यावं लागतं. काय लिवतोस रं बाळा?"

काचेत अंडी फुटत होती, टप, टप. क्षणभर मी पुन्हा वर, ढगांत. खाली सगळं बारीक दिसत होतं : आमचं दुकान, खोपोली, आणि माझ्या कागदाकडे बघणारी आई. मग पेनाला टोपण लावलं.

"काही नाही गं. चुकलं."

त्याच संध्याकाळी विमान गेलं. दादा तीन दिवस बंद टीव्ही पुसत राहिला. चौथ्या दिवशी म्हणाला, "बरं केलंस." मग फडकं झटकून, "पन ते कलम घातलं कुनी रं?"

आठवड्यानं सुरेश स्टॅम्पपेपर घेऊन हजर, मागोमाग आई. कोंबड्या मशीनसकट परत करून त्यानं विमान घेतलं होतं. "भाऊ, करार लिवून द्या. तुमच्यासारखाच कडक पायजे. फक्त आमच्या कुटुंबात मावशीचं नाव घाला. विमान दोन दिवसांत शिकल्या, गर्दी हटत नाय. उद्या दुसऱ्या कुनी नेल्या तर?"

"घाल की रं," आई म्हणाली. "माझं नाव कुठं आलंय अजून स्टॅम्पपेपरवर?"

मी घातलं. विमान सुरेशकडे गेलं, पाठोपाठ आईही. आणि तो करार मी इतका पक्का लिहिलाय, की मला स्वतःलाही त्यात आजवर एकसुद्धा पळवाट सापडलेली नाही!