उद्यामास्तरांचा प्रतिस्पर्धी

गावभर त्यांना उद्यामास्तर म्हणत. शिंपी म्हणून हात असा, की शिवण शोधून सापडू नये, पण कपडा मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, "उद्या घेऊन जा." लोक चिडायचे, हसायचे आणि उद्या परत यायचे. अशा माणसाला साठीत कुणाचा हेवा वाटावा? यमाचा.

त्याचं असं झालं. मास्तरांची बायको अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, आता दिवस थोडेच. ते आत आले तर बायकोच म्हणाली, "कुजबुजता कशाला? मला ठाऊक आहे. यमराज येणार आहे." आणि पाहुणा यायचा असल्यासारखी ती तयारीला लागली. नणंदेकडून रोज सकाळी वेणी घालून घ्यायची, उशीचा अभ्रा बदलून घ्यायची. वर कौतुक! "तो वेळेचा पक्का हो वन्सं. आणि न्यायाचा. राजा असो नाहीतर भिकारी, ज्याची पाळी त्याची पाळी. धर्मराज काय उगाच म्हणतात त्याला?"

मशीन खिडकीशी, खाट भिंतीशी. मधे चार पावलं. शब्द न् शब्द मास्तरांना ऐकू येई आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. आपल्यासाठी ही अशी कधी नटली होती? त्यांनी पुष्कळ आठवून पाहिलं. आठवेना.

"एवढं काय मेलं त्याचं?" न राहवून ते एकदा म्हणाले. "रेड्यावर बसून येतो! माझ्याकडे निदान सायकल आहे."

"सायकल आहे हो, पण वेळेवर पोचलात कुठे?"

नणंद हसू दाबत बाहेर गेली. त्या दिवसापासून मास्तर यमाला पाण्यात पाहू लागले. दार वाजलं की आधी तेच उठत आणि छाती काढून दारात उभे राहत. समोर बहुधा दूधवाला असे.

मग एक दिवस बायकोने वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे निळं लोकरी कापड होतं. तिच्या भावाने लग्नात दिलेलं, कोटासाठी. एकतीस वर्षं तिथेच. डॉक्टरीणबाईंचा कोट आधी, वकिलांच्या सुनेचा आधी. बायको काय, घरचंच गिऱ्हाईक.

"ते वन्संना देऊन टाका," ती म्हणाली. "तो काही उद्या म्हणणार नाही."

हे मात्र मास्तरांच्या जिव्हारी लागलं. आता बघतोच, कोण आधी पोचतो ते! त्यांनी सगळी गिऱ्हाइकं वाटेला लावली, कापड खाली काढून झटकलं. टेप लागलीच नाही. बायकोचं माप त्यांना तोंडपाठ होतं. खिडकीतलं ऊन सरायच्या आत कोट तयार, बटणांसकट. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी आजचं काम आज केलं होतं.

नणंदेने तिला बसतं केलं. मास्तरांनी कोट चढवला. खांदे घसरून दंडावर आले, बाह्यांत बोटं बुडाली. माप तोंडपाठ होतं, पण ते नव्या नवरीचं. इतके दिवस चार पावलांवर बसून मास्तर दाराकडे बघत राहिले होते. ती किती वाळली, ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

टेप घेऊन ते खाटेशी बसले. खांदा मोजला. मनगट मोजलं, पुन्हा मोजलं.

"आत्ता उसवतो," ते कसंबसं म्हणाले. "तासाभरात देतो."

ती शिवणीवरून बोट फिरवत होती. "घाई नका करू. उद्या द्या."

"उद्या? आणि तो आला तर?" त्याच्याबद्दल विचारतानाही मास्तरांचा जळफळाट झाला.

"थांबवीन की दारात. सांगेन, आमच्या मास्तरांचं काम राहिलंय."

"ऐकेल तो तुझं?"

"मी एकतीस वर्षं ऐकलं तुमचं," ती म्हणाली. "त्याला एक दिवस ऐकायला काय झालं?"