यॉर्कच्या दारात काढलेले जोडे

यॉर्क शहराबद्दल कुवेतमधल्या निम्म्या मराठी माणसांनी माझ्याच तोंडून ऐकलं असेल. तिथल्या जुन्या तटावरून कसं चालत जाता येतं, खाटीकआळीतली घरं वरच्या मजल्याशी एकमेकांच्या अंगावर कशी झुकलेली आहेत, मोठ्या चर्चच्या काचांतून ऊन आत कसं उतरतं — कुणी विचारलं तरी सांगितलं, न विचारलं तरी सांगितलं. एवढं एक सोडून. ते बायकोला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही, देवापुढे हात जोडून उभा असतानाही मनातल्या मनात नीट उच्चारलं नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. धैर्य वगैरे काही आलेलं नाही, तेवढा गैरसमज नको.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आमच्या कंपनीने दोन भारतीय कारकुनांना सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. एक मी, साठे, मूळचा सांगलीचा. दुसरा दाऊद मुकादम, हर्णैजवळच्या एका गावचा. तो माझ्याआधी बरीच वर्षं कुवेतला आलेला. बंदरावर काम करून इंग्रजी बोलायला शिकला होता आणि ते माझ्या पुस्तकी इंग्रजीपेक्षा कितीतरी सहज होतं. आम्ही दोघंही कुवेत शहरात बनेद अल-गारमधल्या एकट्या माणसांच्या मेसमध्ये राहायचो. माझं लग्न नुकतंच झालेलं, बायको सांगलीला आईजवळ. दाऊदची बायको हमीदा गावी. ती आणि एक मुलगी. मुलगी बापाला दोन वर्षांनी एकदा बघायची, आणि दर वेळी दाराआड लपायची — हे तो हसत हसत सांगायचा.

ट्रेनिंग लीड्सला होतं. रविवारी सुट्टी. तिथले लोक सुट्टीला आपलीच जुनी गावं बघायला जातात, ह्याचं मला फार अप्रूप वाटलं. बसमध्ये सँडविचच्या पुड्या घेऊन, मुलाबाळांसकट. आम्हीही जायला लागलो. एका रविवारी चेस्टर. एकदा थेट बाथ, तिथली रोमन लोकांची गरम पाण्याची कुंडं. दाऊद पाण्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साठेभाऊ, आमच्याकडं उन्हवऱ्याला अशीच गरम पान्याची उन्हाळी हाय. तिकडं कोन तिकीट लावत नाय, म्हनून कोन जात नाय." आमच्या पुढच्या इंग्रज बाईने वळून पाहिलं, इतका मी मोठ्याने हसलो.

हे सांगायचं कारण — तो मला आवडायचा. हे आधी नोंदवायला हवं. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की काही वैर होतं. वैर असतं तर बरं झालं असतं.

यॉर्कला आम्ही गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. तटावरून चालताना दाऊदने एक गोष्ट मला सांगितली. आमच्या कुवेतच्या ऑफिसातल्या ट्रेनिंगच्या साहेबांनी त्याला निघताना बाजूला घेऊन म्हटलं होतं की पुढच्या वर्षापासून दरसाल माणसं इंग्लंडला पाठवायची आहेत. त्यांना सोबत नेणारा, तिथल्या चालीरीती समजावणारा, रविवारी गावं दाखवणारा आपल्यातलाच एक माणूस हवा. साहेबांच्या मनात दाऊद होता. त्या जागेबरोबर कुवेतमध्येच, फिंतासला कंपनीचं घर मिळणार होतं, कुटुंबासाठी. "हमीदाला आननार," तो म्हणाला. "पोरीला पन. मग बघतो कशी लपते ती."

मी म्हणालो, "वा! पार्टी पाहिजे." आणि माझ्या मनात आलं — मग मी का नाही?

तिथून उतरून आम्ही चर्चपाशी आलो. चर्च म्हणजे केवढं! मान मागे टाकली तरी शेवट दिसेना. बसबरोबर आलेला माहिती सांगणारा गृहस्थ म्हणाला की शेकडो वर्षं लोकांनी हे देवाचं घर बांधत ठेवलं. दाराशी दगडी उंबरा होता, झिजून मधे खोल झालेला. तो उंबरा पाहिला आणि — मी खरं सांगतो, मी काही ठरवलं नाही — माझे पाय जोड्यांतून बाहेर आले. वाकून नाड्या कधी सोडल्या तेही कळलं नाही. लहानपणापासून गणपतीच्या देवळाशी जे होतं ते झालं. मी मोज्यांवर आत चार पावलं गेलोसुद्धा. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

मग मला कोणीतरी हसल्याचं ऐकू आलं. एक मुलगी आईचा हात ओढून माझ्या पायांकडे बोट दाखवत होती. आमच्या बसमधले लोक थांबले होते. काळा झगा घातलेला एक म्हातारा माणूस आला आणि अगदी मऊपणे म्हणाला, त्याची गरज नाही सर. त्याचा तो मऊपणाच मला जास्त लागला. परत दाराशी जाऊन सगळ्यांसमोर खाली बसून जोडे घालायचे? की असाच पुढे जाऊ? मी तिथेच उभा. कान तापलेले.

दाऊद मागून येत होता. त्याने बघितलं. दाराशेजारच्या दगडी बाकावर तो शांतपणे बसला, आपले जोडे काढले, माझेही उचलले, आणि दोन जोड दोन हातांत धरून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. त्या म्हाताऱ्याला इंग्रजीत म्हणाला की आमच्याकडे देवाच्या घरात असंच जातात, तुमची हरकत नसेल तर आम्ही असेच बघू. म्हाताऱ्याने मान लववली. मला दाऊद मराठीत म्हणाला, "चला वो. फरशी गार हाय, पन बरी हाय." आम्ही सगळं चर्च मोज्यांवर पाहिलं. मला एकही काच आठवत नाही. पुढे मी त्या काचांचं जे वर्णन करत आलो ते पुस्तकातलं.

बाहेर आल्यावर मी कॅमेरा काढला. ओल्या फरशीवर दाऊद, पायांत नुसते मोजे, हातांत दोन जोड, तोंडभर हसू. मी फोटो घेतला. फोटो घेणाराही मोज्यांवरच होता, पण तो फोटोत कसा येणार?

आता येतंय ते.

परत आल्यावर एका शुक्रवारी दुपारी मेसमध्ये पडदे ओढून, भिंतीवर चादर लावून मी रंगीत स्लाइड्स दाखवल्या. वीसेक माणसं जमली होती. बहुतेक पुण्यामुंबईची, काही कोकणातली. कॅमेरा माझा, त्यामुळे बोलायचा मानही माझा. चेस्टर झालं, बाथ झालं. मग यॉर्क. चादरीवर दाऊद उभा राहिला, मोज्यांवर. हशा पिकला.

"अरे, हे काय? दाऊदभाई, चपला चोरीला गेल्या काय?"

"मशीद समजले वाटतं!"

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? एकच वाक्य. "आधी मी काढले, मग त्याने." खोडकर पोरालाही एवढं बोलता येतं. मी म्हणालो, "काय सांगू तुम्हाला — देवाचं घर म्हणाले आणि आमचे दाऊदभाई दारातच बसले नाड्या सोडायला!" आणखी मोठा हशा. कोणीतरी विचारलं, "आणि दोन जोड कुणाचे?" मी म्हणालो, "एक भिजला तर दुसरा असावा म्हणून घेऊन फिरतात!"

दाऊद खोलीतच होता. मागे, दाराशी. सगळे त्याच्याकडे वळले. तो माझ्याकडे बघत होता, क्षणभरच. मग हसला आणि म्हणाला, "कोकनातला मानूस ना बाबा. पावसाचा काय भरवसा?" त्याने मला दुसऱ्यांदा झाकलं. चर्चमध्ये झाकलं ते सगळ्यांना दिसेल असं होतं. हे फक्त मला कळावं असं. मी पुढची स्लाइड लावली.

त्या दिवसापासून तो "दाऊद मोजे" झाला. जेवायला बसताना, बसथांब्यावर, सगळीकडे. गोष्ट हिंदीत गेली, हिंदीतून इंग्रजीत, आणि ऑफिसच्या वरच्या मजल्यावर पोचली.

इथपर्यंत मी स्वतःला सांगत आलो आहे की ती मस्करी होती. चार लोकांत फुशारकी मारण्याची हौस. असेल. पण मग ट्रेनिंगच्या साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, मुकादम चांगला माणूस आहे, पण ती जोड्यांची गोष्ट कानावर आली. खरी का? बड्या लोकांसमोर माणसं घेऊन जायचं, तर जमेल का त्याला?

मी म्हणालो, "ही इज अ सिंपल मॅन, सर."

हे वाक्य मी फार वर्षं उलटसुलट करून पाहिलं आहे. आपल्याकडे साधा माणूस म्हणजे केवढी स्तुती! साधा आहे बिचारा, कपट नाही. मुलीसाठी स्थळ सांगताना म्हणतात. मी मनाला तेच सांगितलं — मी त्याला चांगलंच म्हणालो की. पण मी बोललो इंग्रजीत. आणि सिंपल म्हणजे इंग्रजीत काय, हे मला माहीत होतं. म्हणजे अर्धवट. म्हणजे डोक्याने जरा कमी. साहेबांनी हळू मान हलवली. तोच अर्थ त्यांनी घेतला, आणि त्यांनी तो घ्यावा म्हणूनच मी तो शब्द निवडला होता. मराठीच्या आडोशाला उभं राहून इंग्रजीत दगड मारला. खोलीत साहेब आणि मी. हसणारं कोणी नव्हतं, ज्याच्यापुढे लाज वाटावी असं कोणी नव्हतं. मग ती मस्करी कशी?

जागा मला मिळाली. फिंतासचं घरही.

दाऊद अभिनंदन करायला आला. खजुराचा डबा घेऊन. "वहिनींना आना आता लवकर," म्हणाला. त्याला कळलं होतं का? साहेबांपुढे काय बोललो ते त्याला कोणी सांगणं शक्य नव्हतं. पण जो माणूस पावसाचा विनोद करून मला सोडवतो, त्याला न कळण्यासारखं काय असतं? घर लावायला तो आला, लोखंडी कपाट त्याने आणि मी मिळून आत चढवलं. बायको मुंबईहून बोटीने आली तेव्हा धक्क्यावर तो माझ्याबरोबर होता. ती त्याला भावोजी म्हणू लागली. पहिल्याच शुक्रवारी मी त्याला जेवायला बोलावलं. तो दाराशी उभा राहून चपला काढायला वाकला आणि माझी बायको आतून हसत म्हणाली, "काढा हो भावोजी, इथं काढल्या तर चालतात! हे काही यॉर्क नाही."

तिला ते कोणी सांगितलं असेल?

दाऊद हसला. जेवला. तिच्या आमटीचं कौतुक केलं. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. बोलावलं की म्हणायचा, येतो, येतो.

मग मी दर उन्हाळ्यात माणसं घेऊन इंग्लंडला जायला लागलो. कॅसल, चर्च, जुने पूल, सगळ्यांची माहिती पाठ झाली. पहिल्याच वर्षी यॉर्कच्या त्या दारात आमच्यातला एक नवा टायपिस्ट, पेणकडचा, नाड्या सोडायला वाकला. मी त्याचा दंड धरला आणि म्हणालो, "अरे अरे, मुकादमासारखं करू नकोस!" आणि दारातच उभं राहून सगळ्यांना गोष्ट सांगितली. लोक हसले. पुढच्या वर्षी त्याच दारात पुन्हा सांगितली. मग दरवर्षी. ती आता सहलीचाच भाग झाली आहे. जुने लोक नव्यांना म्हणतात, साठेसाहेबांना यॉर्कला ती जोड्यांची गोष्ट सांगायला लावा. ज्या जागी त्याने माझी लाज राखली, त्या जागी उभं राहून मी त्याची काढतो, वर्षातून एकदा, नेमाने, पगारी.

हमीदा कुवेतला आली नाही. दाऊद आणखी काही वर्षं मेसमध्ये राहिला. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा गावी गेला आणि तिकडेच राहिला. बंदरावर छोटं दुकान टाकलं असं ऐकलं. मुलगी सासरी गेली. ज्या वर्षांत ती बापाजवळ वाढली असती ती वर्षं माझ्या मुलांनी ह्या घरात काढली. माझी मुलं इंग्रजीत उत्तरं देतात, समुद्रावर खेळतात, बापाला बघून लपत नाहीत.

कधीतरी सुट्टीला भारतात जाताना हर्णैला जाऊन यावं असं मनात येतं. येतं आणि जातं. मी गेलेलो नाही. जाईन असंही लिहिणार नाही.

परवा जेवताना बायकोने सहज विचारलं, "अहो, दाऊदभावोजी त्या पहिल्या शुक्रवारनंतर पुन्हा आले का नाहीत? माझं काही चुकलं होतं का?"

मी म्हणालो, "लोक असतात तसे. तुझं कशाला चुकेल?"

"मग तुम्ही काही बोलला होता का त्यांना?"

मी म्हणालो, "छे." आणि भात मागितला. तिने वाढला.