रबराची तहान

परवा सुनेनं अंगणात उन्हानं तापलेल्या रबरी नळीवर पाणी मारलं. त्या वासासरशी मी थेट कवठे महांकाळच्या माळावर पोचलो, मोठी लढाई संपल्यावरच्या एका उन्हाळ्यात.

लष्करानं विकलेल्या एका अवजड ट्रकवर मी ड्रायव्हर होतो. शेतांच्या ताली, म्हणजे बांध, घालायला दगड वाहायचो. ट्रकच्या पुढच्या आसाच्या सांध्यावर रबरी बूट असतो. तो फाटला की आत माती जाते आणि सांधाच खलास होतो. माझे दोन बूट दोन महिन्यांत फाटले होते. तिसरा, शेवटचा, फौजेतून मिस्त्रीकाम शिकून आलेल्या दौलूमामांनी नुकताच बसवला. मी लगेच त्यावर तेलाचा हात फिरवला.

मामांनी माझं मनगट धरलं. "रोज लावतोस व्हय रं ह्ये?"

"व्हय. मोटंला लावतो तसं. मऊ ऱ्हातंय."

"गड्या, मोट कातड्याची. कातडं तेलानं जगतंय, रबर तेलानं कुजतंय."

आसपास कोसभर पाण्याचा टिपूस नव्हता. मामांनी स्वतःच्या प्यायच्या पाण्याची फौजी बाटली उघडली आणि साबण लावून बुटाची घडी न् घडी बोटांनी धुतली. बाटली रिकामी झाली.

"आवं मामा, आता तुमी काय पिणार?"

"मला तहान लागली तर मी बोलंन. गाडी कुठं बोलती?"

तेव्हा ते मला चक्रम वाटले. बूट मात्र गाडी विकेपर्यंत टिकला.

त्या दिवशी संध्याकाळी गावात पाणी मिळेस्तोवर मामांचे ओठ फुटले होते. तहान लागली तर बोलंन म्हणाले होते. बोलले नाहीत.