कानलावे डॉक्टर

डॉक्टरसाहेबांचा उजवा कान डाव्यापेक्षा लाल असायचा आणि त्याचं कारण सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. छाती तपासायच्या सरकारी नळीचं रबर आमच्याकडच्या उन्हाळ्यात दरसाल तडकायचं. नव्या नळीचा अर्ज नागपूरला गेला, की जुनी कशाने तडकली अशी उलट विचारणा यायची आणि तिचं उत्तर पोचेपर्यंत पुढचा उन्हाळा लागायचा. मग डॉक्टरसाहेब सरळ रोग्याच्या उघड्या छातीवर कान टेकायचे. वखर सोडून आलेल्या माणसाचा घाम, धूळ, कशाचीच त्यांना किळस नव्हती. डोळे मिटून ते इतका वेळ तसेच राहायचे, की एका म्हाताऱ्याने एकदा मला खुणेने विचारलं होतं, 'सायब झोपले काय बाप्पा?' गावाने त्यांना कानलावे डॉक्टर हे नाव देऊन टाकलं. बायकांसाठी मात्र ते ती तडकलेली नळी चिकटपट्टी गुंडाळून वापरत.

मी त्यांचा कंपाउंडर. डोणगावच्या बाजारापासून दोन कोसांवर आमचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक ओसरी आणि ओसरीवर सदा बसलेले दहा-बारा जण. डॉक्टरसाहेब येण्यापूर्वी मला वैद्यकातलं सगळं कळत होतं. ताप आला की कडू औषध, खोकला आला की गुलाबी, धाप लागली की दम्याचं तपकिरी. त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली आणि त्या सहा वर्षांत माझ्या डोक्यात जो गोंधळ झाला, तो अजून निस्तरलेला नाही. मी आता म्हातारा झालो आहे, म्हणजे तो निस्तरेल अशी आशाही करू नये.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना वर्दी दिली, "साहेब, दम्याचा रोगी आला आहे."

"कान लावला का?"

"नाही, पण दुरूनच दिसतं. धाप लागली आहे."

"मंग धाप म्हण ना बे. दमा काऊन म्हणून राह्यला? धाप तुले दिसली. दमा कोठं दिसला?"

ते जन्माने आमच्याच वऱ्हाडातले. नागपूरच्या डॉक्टरी शाळेत शिकून आले होते, पण त्यांची बोली काही तिथे सुटली नव्हती. सिव्हिल सर्जनसाहेब तपासणीला आले तरी त्यांच्याशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलून तिसऱ्याला 'हाव' म्हणत. त्या दिवशी त्यांनी मला त्या रोग्याच्या पाठीला कान लावायला लावला. दम्याच्या माणसाला श्वास घेण्यापेक्षा सोडणं जड जातं आणि सोडताना आत शिट्टी वाजते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या माणसाच्या पाठीत शिट्टी नव्हती, बुडबुडे होते. त्याला न्यूमोनिया होता. मी तपकिरी बाटलीचं बूच काढून तयार बसलो होतो, ते गुपचूप परत लावलं.

इथवर ठीक होतं. पुढे एका पटकीच्या दिवसांत, म्हणजे तुम्ही ज्याला कॉलरा म्हणता त्या दिवसांत, एक कुणबीण खाटेवर घालून आणली. ओकाऱ्या-जुलाब थांबले होते, पण श्वास असा खोल आणि भराभरा चालला होता, की खाट हलत होती. डॉक्टरसाहेबांनी नळी लावली आणि म्हणाले, "छाती साफ हाय." मग तिच्या हाताची कातडी चिमटीत उचलून सोडली, ती उचललेलीच राहिली. त्यांनी उकळून निववलेल्या पाण्यात मीठ आणि सोडा घालून ते शिरेतून सोडलं. दोन-तीन तासांत बाईचा श्वास उतरला आणि तिने पहिली गोष्ट विचारली ती म्हशीची. मी चक्रावून गेलो. आजार पोटाचा, धाप छातीची आणि औषध शिरेतलं मिठाचं पाणी!

"सांगतो," असं म्हणून ते स्वयंपाकघरातून एक वाटी घेऊन आले. वाटीत लोणारच्या तळ्याचा खार होता, आमच्याकडे पापडात घालतात तो. त्यावर त्यांनी चिंचेचं पाणी ओतलं. वाटी फसफसून वर आली.

"हे पाय. आंबट अन् खार भांडून राह्यले. वर निघाला तो वारा. आपल्या रगतात हेच भांडण चालू असते. जुलाबात पाण्यासंगं मीठ बी जाते, खार बी जाते. मंग रगत आंबते. तो आंबटपणा वाऱ्यावाटे बाहेर फेकाले छाती भात्यावानी चालते. छातीले काही झालंच नसते रे, ते बिचारी दुसऱ्याचं काम करून राह्यली असते."

मला वाटलं, समजलं. धाप लागली आणि छाती साफ असली, की सोडा द्यायचा. मी ते वहीत लिहूनही ठेवलं.

पंधरा दिवसांनी एका नव्या नवरीला दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, घालून आणलं. सासरी तिसराच दिवस. श्वास धावत होता, हातांची बोटं आखडून कोंबडीच्या पायासारखी झाली होती आणि अंगात आलं म्हणून सोबतच्या बायकांनी कपाळावर कुंकवाचा मळवट भरला होता. डॉक्टरसाहेबांनी नळी लावली. छाती साफ. मी धावत जाऊन सोड्याचा पेला कालवून आणला.

"ठेव तो पेला खाली!" ते एवढ्या जोरात ओरडले, की सोबतच्या बायकाच दचकल्या.

मग त्यांनी त्या पोरीचाच पदर तिच्या नाकातोंडावर सैलसा धरला आणि तिला तिच्या माहेरच्या गोष्टी विचारत बसले. विहीर कोठं हाय, गाय कोणती, भाऊ किती. ती पदरात हळूहळू बोलू लागली. अर्ध्या तासात बोटं सुटली आणि ती ढसाढसा रडली.

मी रागावलो होतो. "साहेब, परवा धाप होती, छाती साफ होती, तुम्ही सोडा दिला. आजही धाप आहे, छाती साफ आहे, तर मी देऊ नको?"

"परवाच्या बाईचं रगत आंबलं म्हणून श्वास पळाला. हे पोरगी भ्याली, तिचा श्वास आधी पळाला, अन् त्यानं रगतातला आंबटपणा नको तितका बाहेर गेला. वरतून तू सोडा पाजतो? आधी कोण पळालं ते पाय ना."

"ते बाहेरून कसं कळायचं?"

डॉक्टरसाहेबांनी आपला लाल कान चोळला. "मले तरी दर खेपेले कोठं कळते, लेका? म्हणून तर विचारतो. काय झालतं, किती जुलाब झाले, पाणी देलं का, कोण काय बोललं. विचाराचं अन् कान लावाचा. दुसरं काय हाय आपल्यापाशी?"

मी वहीतलं ते वाक्य खोडलं आणि त्याजागी काय लिहावं ते सुचलं नाही. ती ओळ अजून तशीच आहे.

गावाशी त्यांचं एकच भांडण होतं, ते पाण्याचं. पटकीच्या रोग्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, पाण्याने रोग वाढतो, अशी घरोघरची समजूत. रोगी पाणी-पाणी करत असे आणि घरचे त्याच्यावर माया म्हणूनच त्याला ते देत नसत. डॉक्टरसाहेब तांब्या घेऊन दारोदार जात. मिठाची चिमूट, गुळाचा खडा, घोट घोट पाजा, ओकला तरी पाजा, असं ओरडून त्यांचा घसा बसे. माझी माय त्यांच्यापुढे मान डोलवायची आणि पाठ वळली की म्हणायची, "त्याले लेकरंबाळं नाहीत, त्याले काय समजते!"

आता जे सांगायचं ते सांगतो.

माझ्या बायकोचं नाव गंगा. तिला लहानपणापासून दमा होता. थंडीत महिना-दीड महिना जायचा तिचा बसून. त्या वर्षी पटकीची साथ आली तेव्हा डॉक्टरसाहेबांना एका मारामारीच्या खटल्यात साक्षीला बुलढाण्याला जावं लागलं. समन्स होतं, इलाज नव्हता. आणि त्याच पहाटे गंगाला ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले.

मी मीठपाणी कालवलं. माय आडवी आली. "मारतं का तिले?" मी कंपाउंडर होतो, पण तिचा मुलगाही होतो. चोरून दोन-चार चमचे पाजले, ते गंगाने ओकून टाकले आणि मायने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. मी ती घेऊ दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओकाऱ्या थांबल्या, जुलाब थांबले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मग गंगाची धाप सुरू झाली, आणि काय सांगू, मलाही हायसंच वाटलं. धाप म्हणजे तिचा दमा, तो आमचा ओळखीचा होता. दम्याने ती मरत नाही हे मला ठाऊक होतं. मी धोतऱ्याच्या पानांची धुरी दिली, तपकिरी औषध चाटवलं आणि वाट बघत उभा राहिलो.

नळी माझ्या गळ्यात होती. नेमकी त्याच महिन्यात नवी आली होती, धड, न तडकलेली. खोलीत माय होती, काकू होती, शेजारच्या चार बायका होत्या. दिवसाउजेडी, वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोच्या छातीला हात लावायचा? आम्ही तर त्यांच्यासमोर एकमेकांशी बोलतही नव्हतो. 'तिला औषध दिलं का' हेदेखील मी मायलाच विचारत होतो. गावातल्या कितीतरी छात्या मी ऐकल्या होत्या, गंगाची कधीच नाही. बायकांना बाहेर जा म्हणायला एक शब्द पुरला असता. तो मला उच्चारता आला नाही.

डॉक्टरसाहेब आले ते चार वाजता. चिखलीपर्यंत मोटार, पुढे मिळेल त्या गाडीने, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेले. बातमी त्यांना वाटेतच कळली होती. आत आले, कोणाकडे पाहिलं नाही, नळीही मागितली नाही. गुडघे टेकून गंगाच्या छातीवर सरळ कान ठेवला. मायने तोंडावर पदर घेतला. मी बघत होतो. ते उठले आणि फक्त म्हणाले, "छाती साफ हाय. पाणी ठेव."

मी पाणी उकळलं. मीठ मोजलं, सोडा मोजला. शिरा आत बसून गेल्या होत्या. त्यांनी पायाची शीर चिरून उघडली. पाणी जाऊ लागल्यावर गंगाने एकदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, सगळ्यांच्या देखत. दिवेलागणीला ती गेली.

बाहेर ओट्यावर गाव जमलं होतं. डॉक्टरसाहेब दारात उभे राहून माझ्या मायला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले उशीर झाला. साक्षीले जाऊन बसलो, तिथंच घोटाळा झाला." माझ्याकडे ते वळले नाहीत. इतर प्रत्येक रोग्याच्या वेळी 'कान लावला का?' हा जो प्रश्न ते मला विचारत, तो त्यांनी त्या दिवशी विचारला नाही, पुढेही कधी नाही. मायने मरेपर्यंत त्यांनाच दोष दिला. काही घरं पटकीतही त्यांना बोलवेनाशी झाली आणि ते त्यांनी निमूटपणे सोसलं. मी तोंड उघडून खरं सांगितलं नाही.

दीड वर्षाने त्यांची बदली झाली. सामान गाडीत चढलं होतं. ओसरीवर आम्ही दोघेच होतो तेव्हा मी विचारलं, "साहेब, मी दुपारीच नळी लावली असती, आणि तेव्हाच पाणी दिलं असतं, तर गंगा वाचली असती का?"

ते क्षणभरही थांबले नाहीत. "नाही. नसती वाचली. लय पुढं गेलतं." मग माझ्या पाठीवर हात ठेवून गाडीत बसले. पुन्हा आमची भेट झाली नाही. चार वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत जाऊन लहान मुलासारखा रडलो.

त्यांच्या पाठीमागे मी बरीच वर्षं त्या दवाखान्यात होतो. पाणी आटलेली, कातडी उचललेलीच राहणारी, खोल श्वासाची माणसं साथीसाथीला येत राहिली. मी बायकांना बाहेर काढायला शिकलो. कान लावायला, विचारायला, मायांशी भांडून पाणी पाजायला शिकलो. काही रोगी गेले, पण पुष्कळ वाचले. गंगापेक्षा वाईट अवस्थेत आलेलेही वाचले. बरं झालेलं माणूस घरच्यांना घेऊन पाया पडायला यायचं, तेव्हा कसं वागावं ते मला कधी समजलं नाही. माणूस जगलं याचा आनंद खराच असायचा, आणि डॉक्टरसाहेब त्या दिवशी माझ्याशी खोटं बोलले होते, हे आणखी एकदा कळायचं.